फ्रीझरमध्ये गेलेलं पाइनचं बी

आमच्या कॉलनीत कुणी नवीन रोप आणलं की ते आधी आमच्या दारात यायचं. "काकू, तुमच्याच हाताने लावा," म्हणायचे. माझ्या बायकोच्या हाताला गुण आहे हे सगळ्यांनी धरलेलं होतं, आणि न बोलता तिनेही. पुढे तिने रोपं लावणं सोडलं. का सोडलं, ते कॉलनीला चुकीचं माहीत आहे.

तिला बोन्साय शिकवणाऱ्या बाईंनी पाइनचं संकरित बी दिलं होतं. दोन जातींचं. एकीची सुईसारखी पानं आखूड, छोट्या कुंडीत शोभणारी. दुसरी ऊन सोसणारी, नाशिकच्या एप्रिलमध्ये तग धरेल अशी. बी भिजवून, ओल्या वाळूत मिसळून तिने डबा फ्रीजमध्ये खाली, मेथीच्या जुडीशेजारी ठेवला. त्या गारव्यात राहून हिवाळा सरला असं बियांना वाटलं की मग त्या रुजतात.

"याचं झाड होईपर्यंत आपण असू का?" मी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा. मला पाणी घालायचंय."

सिन्नरच्या कारखान्यात माझा जन्म भट्टीचं तापमान सांभाळण्यात गेला. मला वाटलं, बर्फातलं झाड, त्याला मेथीचा गारवा काय पुरणार? ती येवल्याला माहेरी गेली, तेव्हा मी डबा वर फ्रीझरमध्ये ठेवला. ती यायच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली. पाणी प्यालेलं बी गोठलं की मरतं, हे मला नंतर कळलं.

तिने पेरलं. काही उगवलं नाही. रोज सकाळी ती ट्रेवर वाकून बघायची. शेवटी एक बी उकरून तिने नखाने फोडलं. आत नुसता लगदा.

"बी चांगलं होतं हो," ती म्हणाली. "माझ्याच हाताचा गुण गेला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा टाकायला उठलो.

दोन वर्षं तिने मातीत हात घातला नाही. गेल्या आठवड्यात समोरच्या घरातली सून कढीपत्त्याचं रोप घेऊन आली. "तूच लाव गं," ही तिला म्हणाली, "माझ्या हाताचं आता जगत नाही." पोरगी काळी पिशवी तशीच उचलून परत गेली. ही दारात उभी राहून साडीच्या पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

मग मी सांगितलं. सगळं.

ती तळहात बघत बसली. "फ्रीझरमध्ये? कशाच्या शेजारी?"

"मटारच्या."

तिला हसू आलं, आणि मध्येच थांबलं. "दोन वर्षं मी या हातांना बोल लावला हो."

 

"लोकांना मी नाही सांगणार," ती उठत म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा." म्हणून हे लिहिलं.

चपला घालून ती समोर गेली, मागोमाग मी. फाटकाबाहेरूनच हाक मारली, "अगं, लावलास का तो कढीपत्ता?" लावला नव्हता. तिने आत जाऊन अंगणातच फतकल मारली, पिशवी फाडली, मुळं मोकळी केली आणि दोन्ही हातांनी माती दाबत माझ्याकडे वळून म्हणाली,

"उभे काय राहिलात? पाणी आणा. आणि फ्रीजचं नको."