बसायला पाणी

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर एकदा सूचना लागली. ‘बागेतील गांडुळे ही सोसायटीची मालमत्ता असून सभासदांनी अथवा त्यांच्या पाहुण्यांनी ती उकरून नेऊ नयेत.’ पाहुणे म्हणजे माझे सासरे. ते पाहुणे नाहीत, हे मी सेक्रेटरींना तिथल्या तिथे सुनावलं. त्यांनी चष्मा वर सारून विचारलं, “मग काय, भाडेकरू का?” जन्म पुण्यात काढूनही मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

सासरे भंडाऱ्याकडचे. उभं आयुष्य राईस मिलमध्ये काम केलं. गावाबाहेर एक बोडी होती. बोडी म्हणजे धानाच्या शेतीसाठी बांध घालून केलेलं लहानसं तळं. मिल सुटली की हे तिथे बांबूची काठी आणि गळ घेऊन बसत, आणि अंधार पडायच्या आत सासूबाई चहा घेऊन बांधावर येत. दोघं फारसं बोलत नसत म्हणे. सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना पुण्याला घेऊन आलो. तेव्हा मी आणि नवरा दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर डोकं फोडत होतो. सकाळी कंपनीची बस उचलून न्यायची, संध्याकाळी आणून टाकायची. दिवसभर घरात हे, टीव्ही आणि ती काठी. काठी ते गावाहून आगगाडीतून घेऊन आले होते, इतर प्रवाशांच्या शिव्या खात.

पुण्यात त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. नदीवर गेले आणि खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावून परत आले. धरणावर वॉचमनने शिट्टी मारली. बागेतल्या तळ्यावर पाटी होती, आणि पुण्यातल्या पाटीशी कोण वाद घालणार? एका रात्री जेवताना ते म्हणाले, “दिवाळी झाली का जातो मी गावाले.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी विचारलं, “बाबा, काही कमी पडतंय का इथे?”

“नाही वो बाई. सगळं हाये. बसाले पाणी नाही.”

मला ते जायला नको होते. अगदी स्पष्ट सांगते, त्यात माझा स्वार्थ होता. दमून घरी यावं तर कुणीतरी “जेवली का?” असं विचारणारं हवं असतं. नवरा विचारायचा, “जेवायला काय आहे?” दोन्हींत फरक आहे. शिवाय त्यांची माझी चेष्टामस्करी चालायची. माझ्या पोळ्यांना ते ‘नकाशे’ म्हणत आणि त्यांच्या घोरण्याला मी ‘मिल’ म्हणे. ते गेले असते तर आमचं घर म्हणजे नुसतं लॉज झालं असतं.

म्हणून मीच युक्ती काढली. दिवाळीची सुट्टी कोकणात घालवायची. तिथे बाबांना गळ टाकायला झकास जागा शोधून द्यायची. मासा लागला तर त्यांनी पुण्यातच राहायचं, आणि आम्ही दर महिन्याला त्यांना गाडीने समुद्रावर न्यायचं. बाबा म्हणाले, “पाहू.” मी ते होय असं धरलं.

कोकणात एका घरात उतरलो. घरच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, “मासे धरायचे तर खाडीच्या तोंडाशी जा. भरती लागली की मासळी आत शिरते, तेव्हा गळ टाका. ओहोटीला बसाल तर खेकडे तेवढे भेटतील.” बाबांनी मान डोलावली आणि काहीही ऐकलं नाही. माशांबद्दल आपल्याला कुणी शिकवावं, हे काही त्यांना पटेना.

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर गेले. होड्यांची धडधड, पर्यटकांचे फोटो, पोरांचा गलका. “हा तं एस्टी स्टँड हाये,” म्हणाले आणि काठी खांद्यावर टाकून निघाले. मी मागोमाग. नवरा गच्चीवर उभा राहून मोबाईलला रेंज शोधत होता, त्यामुळे तो हिशेबात नव्हताच.

चालत चालत खडकांपाशी आलो. ओहोटी होती. खडकांच्या मधोमध ओहोटीने मागे ठेवलेलं पाणी साचलं होतं. निवांत, काचेसारखं, घरच्या अंगणाएवढं. बाबांचा चेहरा असा उजळला की बस! त्यांनी समुद्राकडे पाठ केली, चपला काढल्या, दुपट्टा घडी करून ठेवला, सोसायटीच्या मालमत्तेचा डबा उघडला आणि गळ टाकला. आजवर ज्या पाण्याशी त्यांनी संसार केला ते जागचं हलणारं नव्हतं. मलाही तरी कुठे अक्कल होती? मी वरच्या खडकावर पुस्तक उघडून बसले आणि मनात म्हटलं, जमलं बाई एकदाचं.

पाणी मागून आलं. गडबड नाही, गाजावाजा नाही. आधी डबा गेला, मग दुपट्टा, मग एक चप्पल. मी ओरडले, “बाबा, उठा! अहो, उठा आधी!” ते गुडघ्याएवढ्या पाण्यात काठी उंच धरून उभे. मी हात देऊन वर ओढलं. दोघंही भिजलो. आपलं तळं समुद्रात बुडताना ते बघत राहिले आणि मग हसायला लागले. सासूबाई गेल्यापासून इतके हसलेले मी पाहिले नव्हते.

“पाणी चालते वो! पहिले सांगाचं नाही का?”

“काकूंनी सांगितलं होतं!”

“सांगितलं असन, पर पान्याले चालताना पाहिलं नव्हतं म्या.”

त्यानंतर मात्र शहाण्यासारखे काकूंना भरतीची वेळ विचारून खाडीच्या तोंडाशी गेले. गांडुळं समुद्राला मिळाली होती, म्हणून काकूंनी कोलंबीचे तुकडे दिले. मीही सोबत होते; थोड्या वेळाने बाबा मला म्हणाले, “तू जा घरी. मी बसतो.” मी गेले. चहाच्या वेळी राहवेना, थर्मास घेऊन परत आले, तर काठी कमानीसारखी वाकलेली आणि बाबा पाय रोवून उभे. ओढून काढला तो शिंगाळा, मिशीवाला, चांगला हातभर. अंगावर काटे असतात त्याच्या; बाबांनी बरोबर काट्यांमागे धरला.

“मिशा पाह्यल्या? हा आपल्याकडचाच हाये. इकडं येऊन मोठा झाला.”

“तुमच्या लेकासारखा,” मी म्हटलं.

“याले मिशा तरी हायेत.”

रात्री काकूंनी कालवण केलं. बाबांनी डोकंसुद्धा चोखून खाल्लं. मी नवऱ्याला पायाने डिवचलं, म्हणजे जिंकलो आपण. बाबा हात धुऊन आले, बसले आणि म्हणाले, “चांगली जागा दाखवली, बाई. आता जातो मी गावाले.”

माझं डोकंच फिरलं. “हे काय बाबा? ठरलं होतं ना आपलं? मासा लागला तर राहायचं!”

“इतके दिवस जातो जातो म्हने, पर जीव धजत नव्हता. तुझी सासू तिथं नाही आता. पान्याजवळ एकट्यानं बसनं होते का नाही, मले मालूम नव्हतं. आज बसलो.” मग म्हणाले, “होते.”

मी ताटं उचलली, आणि काकूंच्या मोरीपाशी उभी राहून रडले.

पुण्याला परतल्यावर बाबांना आगगाडीत बसवून दिलं, तेव्हा ते काठी घ्यायला विसरले, असं मला वाटलं. तर म्हणाले, “राहू दे. उन्हाळ्यात बोडी आटते, तेव्हा येतो.” पुण्यात निघालेल्या पाहुण्याला ‘पुन्हा या’ म्हणतात, त्याच किमतीचं मी ते धरलं. तिरमिरीत काठी गॅलरीत आडवी बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला लागले. दर रविवारी फोनवर विचारायची, “बोडी कशी आहे?” उत्तर ठरलेलं, “भरून हाये.” मला त्या बोडीचा मत्सर वाटायचा. धानाला पाणी लागतं हे कळत होतं, तरी वाटायचा.

मार्चमध्ये एका दुपारी ऑफिसात डेस्कवरचा फोन वाजला. पलीकडून आधी खोकला, मग आवाज. “आटली.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरून उठली. “काय झालं? कुणी गेलं का?”

मी मानेनंच नाही म्हटलं.

“काठी हाये ना?” बाबांनी विचारलं.

“हाये,” मी म्हटलं. “ओली चादर आहे तिच्यावर. या, आणि काढा.”