याकुशीची वाटी

इसोए रोज पहाटे उठून आधी देवाची तांब्याची वाटी घासायची. न्हाणीघराच्या देवळीत याकुशी बसलेला, दुखणी हरणारा बुद्ध, हातभर उंचीचा, डोळे मिटलेले. राख आणि तांदळाचा कोंडा लावून वाटी लखलखीत करायची, ताजं पाणी भरायचं, चिमूटभर भात ठेवायचा, हात जोडायचे आणि मगच पाण्याच्या कामाला लागायचं. एकतीस वर्षांत यात खाडा नव्हता.

नवरा मासेमारीला गेला तो परतला नाही, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. कडेवरचं पोर घेऊन ती डोंगरातल्या या गरम झऱ्याच्या सराईत कामाला आली आणि इथलीच झाली. लाकडी पन्हळीत साचणारा पांढरा गाळ खरवडणं, हौदात गार पाण्याची धार कमीजास्त करणं, कोपर बुडवून पाण्याची ऊब जोखणं हे सगळं तिच्याकडे होतं. गंधकाचा वास तिच्या केसांत असा मुरला होता, की गावी गेली की नातवंडं नाक धरून म्हणत, "आजी, तू उकडलेली अंडी खाऊन आलीस ना?"

हे काम तिला थोरल्या मालकीणबाईंनी शिकवलं. त्या आता नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी तिला भिंतीच्या पायाशी वाकायला लावलं होतं. तिथे जमिनीलगत एक हातभर झडप होती.

"या पाण्यातून हवा निघते ना, ती जड आणि विषारी असते. खाली बसते, इथूनच बाहेर जाते. बर्फ पडला की आधी ही झडप मोकळी करायची. आणि ऐक, वास येतोय तोवर भिऊ नकोस. येता येता बंद झाला, तर नाक बधिर झालं समज आणि पळ."

यंदा नोव्हेंबरात धाकट्या मालकीणबाईंनी, चिसातोनं, ती झडप फळ्या ठोकून बंद केली. शहरातल्या पाहुण्यांची तक्रार होती, पायाला वारा लागतो.

"झडपेला मोकळं राहायची सवय आहे," इसोए म्हणाली.

"तुम्हाला सवय आहे हो, इसोए-सान. पाहुण्यांना नाही."

इसोएनं मान लववली. याहून जास्त मालकिणीला बोलायचं नसतं, असंच तिच्या हाडात भिनलेलं होतं.

जानेवारीत सलग सहा दिवस बर्फ पडला. न्हाणीघराची भिंत कमरेपर्यंत गाडली गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे इसोएनं वाटी उचलली तर ती काळी. एरवी त्या हवेनं रात्रभरात जेमतेम पुसट डाग पडे, ही एका रात्रीत तव्यासारखी झाली होती. देवापुढे असं भांडं कुणी पाहायला नको म्हणून तिनं घाईघाईनं ते घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी, पुन्हा घासली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. कुणी उठायच्या आत वाटी चकचकीत झालेली असायची.

"यंदा बर्फ फार आहे," ती चिसातोला म्हणाली.

"पाहुणे खूश आहेत. फोटो काढताहेत."

पहिलं पाणी ओनोदेरांचं असे. सफरचंदाच्या बागेचे ऐंशी वर्षांचे मालक, गुडघ्यांसाठी वीस हिवाळे येत होते. पहाटे, दुसऱ्या कुणाचं अंग लागायच्या आत हौदात उतरायचं, हा त्यांचा हट्ट. बर्फाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी इसोएनं त्यांना ओसरीवर गाठलं.

"पाण्याची तब्येत जरा बरी दिसत नाही, ओनोदेरा-सान. उद्या न्याहारीनंतर उतरलात तर?"

"माझी तरी कुठे बरी आहे? दोघं आजारी एकत्र बसू."

"थंडीही फार आहे पहाटे."

"म्हणून तर गरम पाणी. मला टाळायला लागलात की काय?"

"तुम्हाला कोण टाळणार? गेल्या साली तीनदा निरोप घेतलात आणि संध्याकाळी जेवायला इथेच."

ते खो खो हसले. तीही हसली. बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

पहाटे वाटी पुन्हा काळी. ती घासायला इसोए स्वयंपाकघरात गेली. हाताला राख लागलेली असतानाच चिसातो आली, कपाळ दाबत.

"आज काय जादू केलीत? न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा क्षणभर गंधकाचा वास आला, मग गेलाच. ओनोदेरा-सानही म्हणाले, आज झकास आहे. डोकं मात्र जड झालंय माझं."

"ते आत आहेत?"

"केव्हाच उतरले."

इसोएच्या हातून वाटी पडली. ती अनवाणीच बाहेर धावली. जाता जाता लोखंडी फावडं उचललं. भिंतीशी बर्फ उपसला, फळ्यांवर घाव घातले. तिसऱ्या घावाला एक फळी आत गेली, मग दुसरी. वळून तिनं दार सताड उघडलं. ओनोदेरा हौदाच्या कडेला टेकून बसले होते, डोक्यावर घडी केलेला पंचा, हनुवटी पाण्याला लागलेली. झोपल्यासारखे. चिसातो मागून पुढे सरसावली.

"आत पाऊल टाकू नका," इसोए म्हणाली. मालकिणीशी ती अशी कधीच बोलली नव्हती.

छाती भरून श्वास घेतला, रोखला आणि काखेत हात घालून म्हाताऱ्याला ओढत बाहेर आणलं. उंबरठ्याबाहेर दोघं बर्फात कोसळले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ओनोदेरांच्या घशातून घरघर निघाली.

"वास नव्हता हो," डोळे उघडल्यावर ते पुटपुटले. "मला वाटलं, पाणी बरं झालं."

डॉक्टर त्यांना डोंगराखाली घेऊन गेले. ओठ अजून निळेच होते. जगतील, एवढंच डॉक्टर म्हणाले.

चिसातो ओसरीवर बसून राहिली. "तुम्हाला कधीपासून कळलं होतं?"

"चार दिवस. वाटी रोज काळी पडत होती."

"मला कधी दिसली नाही."

"मी घासत होते."

चिसातोनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे झडप उघडी होती आणि दारावर बंदची पाटी. उंबऱ्यात उभी राहून इसोएनं नाकपुड्या ताणल्या. वास येत होता, पण मंद. वाटी कालची, न घासलेली, काळीच होती. तिनं त्या काळ्या वाटीतच ताजं पाणी ओतलं, शेजारी चिमूटभर भात ठेवला, हात जोडले.

"घासायची नाही?" मागून चिसातोनं हळूच विचारलं.

"नाही. दिसू दे सगळ्यांना."

बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता. इसोएनं फावडं उचललं.