सासूबाईंचा चहा आणि कॅराव्हॅनची टाकी

निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या लोकांनी गुडघ्यांची काळजी घ्यायला सुरुवात केली आणि मी कॅराव्हॅन घेतली. एका गृहस्थांनी हौसेनं जुन्या मिनीबसचं फिरतं घर करून घेतलं होतं आणि हौस फिटल्यावर ते झाडाखाली उभं करून ठेवलं होतं. आत दोन लांब बाक, झोपायच्या वेळी त्यांचे पलंग होतात. कोपऱ्यात शेगडी, एवढंसं बेसिन, आणि मागच्या बाकाखाली पिण्याच्या पाण्याची पांढरी प्लास्टिकची टाकी. बटण दाबलं की पंप घुर्रर्र करायचा आणि नळाला पाणी यायचं. मला त्या घुर्रर्रचंच फार कौतुक. बायको मात्र अख्ख्या गाडीला ‘तो टेम्पो’ म्हणायची.

आम्ही सरावलीत राहतो. मी मूळचा जळगावकडचा; नोकरीसाठी इकडे आलो आणि कारखान्याच्या देखभाल विभागात आयुष्य काढलं. बायको किनाऱ्यावरच्या एडवणची, वाडीवाल्या बागायतदारांच्या घरातली. त्यामुळे पहिली सफर कुठे, हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना घरून उचलायचं, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची आणि त्यांना आपल्या गाडीतला चहा पाजायचा.

सासूबाई पदर खोचून वर चढल्या. बाक दाबून पाहिला, पडदा ओढून पाहिला, आणि ‘बरं हाय’ म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळच. मी ऐटीत बटण दाबलं, पातेल्यात पाणी घेतलं, चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी एक घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवून त्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. शेवटी समोर जावई आहे म्हणून गिळला.

“जावयबापू, दूध ताजं हाय ना?”

“आजचंच आहे.”

“मंग पानी कुटलं?”

“टाकीतलं. आपल्या गाडीतलं.”

“ती टाकी कदी धुतलेली?”

मी बायकोकडे पाहिलं. बायको समुद्राकडे पाहू लागली. गाडी घेतल्यावर मी इंजिन ऑइल बदललं होतं, टायर तपासले होते, ब्रेक करून घेतले होते. टाकीत फक्त पाणी भरलं होतं.

“वास हाय,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “विहिरीत मांजर पडलं की येतो, तसा.” मग माझं तोंड पाहून त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, “थोडाच.”

तो ‘थोडाच’ मला जास्त लागला. मेव्हण्यानं मोटरसायकलवरून घरच्या विहिरीचं पाणी आणून दिलं आणि मी दुसऱ्यांदा चहा केला. परत येताना बायको खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाक उचलून टाकीचं झाकण फिरवलं. तोंड जेमतेम हात जाईल एवढं. मोबाइलचा उजेड आत टाकला, तर भिंतींवर हिरवट बुळबुळीत थर आणि तळाशी चिखलासारखा गाळ. खालची तोटी उघडून आधी सगळं पाणी सोडून दिलं. मग मी घासणी घेतली, हात आत घातला आणि घासू लागलो. जवळचं छान निघालं. पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला खांदा आणखी रेटला. कोपरही आत गेलं. कोपरा स्वच्छ झाला. आणि मग हात बाहेर येईना.

 पहिल्यांदा मी घासत असल्याचं सोंग करत राहिलो. पण बायकोला चाळीस फुटांवरून माझी गडबड कळते.

“अहो, अडकला का?”

“नाही. जरा टेकवलाय.”

तोपर्यंत शेजारचे गृहस्थ आले होते. ते उत्तरेकडचे, कारखान्यात रात्रपाळी करून नुकतेच परतलेले. त्यांनी गाडीत डोकं घातलं आणि म्हणाले, “भाईसाब, तेल लगाओ. नारियल का.” त्यांची बायको बाटली घेऊनच आली. माझ्या दंडावर एवढं तेल ओतलं गेलं की हाताचं लोणचं घालतात की काय असं वाटावं. हात काही सुटेना. मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, बर्फ लावा, सूज उतरेल. कुणी म्हणालं, टाकीच कापा. बायको त्यावर फार लवकर ‘हो’ म्हणाली, असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात एडवणहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बायकोनं माझी अब्रू झाकायचा काही एक प्रयत्न न करता फोन सरळ माझ्याकडे वळवला.

“अगो बाय!” सासूबाई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. “जावयबापू, ओडू नका. हात ढिला सोडा. गाय अडली तेवा मी लय वेला आत हात घातलेला हाय. घाबरू नका.”

“आई, गाय कोण आहे यात?” बायकोनं विचारलं.

मी हात ढिला सोडला. तो तिथंच राहिला. आपल्यावर आता काय वेळ आलीय याचा विचार करत मी मान टेकवली, तेवढ्यात बायकोनं पुढच्या तयारीसाठी माझ्या नाकाशीच ब्लीचिंग पावडरचं पाकीट फोडलं. मला अशी जोरदार शिंक आली की मी पलीकडच्या बाकावर जाऊन आदळलो. हात माझ्याबरोबरच होता.

शेजारी म्हणाले, तेलानं सुटला. काकू म्हणाल्या, बर्फानं. फोनमधून सासूबाई म्हणाल्या, “सांगितलं ना, ढिला सोडा.”  कोपराचं सालटं निघालं होतं, मी ते पाहत बसलो.

मग शेजाऱ्यांनी सुचवलं की ब्लीचिंगमध्ये व्हिनेगरही घाला, डबल सफाई. इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. म्हटलं, दोन्ही एकत्र केलं तर टाकी स्वच्छ होईल, पण बघायला आपण उरणार नाही. थोडीशी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली, वरची निवळी तेवढी टाकीत ओतली आणि वर पाणी भरलं. ते पाणी आता आतून सगळीकडे जोरात आपटायला हवं होतं. त्यासाठी आपल्याकडे रस्ते आहेत.

आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. एरवी जी बायको खड्डा आला की माझ्या नावानं ओरडते, ती त्या दिवशी पुढे वाकून बसली होती. “डावीकडे मोठा आहे, सोडू नका. अहो, चुकवलात! परत घ्या.” मागे टाकी घुसळत होती, पातेली खणखणत होती. कारखान्यांच्या वसाहतीमागचा एक रस्ता तर आम्हाला इतका आवडला की त्यावरून दोनदा गेलो. एक रिक्षावाला खड्डे चुकवत चालला होता. त्यानं आम्हाला मुद्दाम खड्ड्यात जाताना पाहून कपाळाला हात लावला.

घरी येऊन ते पाणी नळातून सोडलं, म्हणजे पंप आणि पाइपही धुतले गेले. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पहिल्या चहाला पोहण्याच्या तलावाची चव आली, म्हणून आणखी धुतलं. शेवटी बायकोनं पेला भरून वास घेतला, घोट घेतला आणि पेला रिकामा केला. मी समजलो, जमलं.

पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन शिरगावला गेलो. तिथल्या किल्ल्याजवळ गाडी लावली. त्यांनी पिशवीतून हळूच विहिरीच्या पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली. मी न पाहिल्यासारखं केलं आणि टाकीतल्याच पाण्याचा चहा केला.

त्यांनी घोट घेतला. पुन्हा घेतला. मग बशीत ओतून सगळा संपवला.

“कसा आहे?” मला राहवलं नाही.

“या पान्याला कसलाच वास नाय,” त्या जरा नाराजीनं म्हणाल्या. “चवबी नाय.”

मग बाकावर आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला आणि बघता बघता घोरू लागल्या. त्यांना उठवणं आमच्या जिवावर आलं. आम्ही दोघं बाहेर सावलीत बसून राहिलो. मध्येच बायको म्हणाली, “कॅराव्हॅन तशी बरी आहे हो.” टेम्पो नाही, कॅराव्हॅन. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं नाही.