सुरतेहून आलेली झिंगी

दिवाळीला माणसं मिठाई आणतात. माझ्या दिराने सुरतेहून प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून एक जिवंत प्राणी आणला. कोळंबीचं अंग, खेकड्याच्या नांग्या आणि पाठीवर संगमरवरासारख्या रेघा. त्याला क्रेफिश म्हणतात. आमच्या घरात ती झिंगी झाली. "वहिनी, तुम्ही बायोलॉजी शिकवता ना, म्हणून आणली. एकटीच आहे, पिल्लांची भानगड नाही," असं सांगून भाऊबीज होताच दीर सुरतेला परत गेला. काचेची पेटी, हवेचा पंप आणि झिंगी माझ्या गळ्यात.

तळोद्याच्या कॉलेजात मी बारावीला शिकवते, म्हणजे जगातल्या प्रत्येक प्राण्याचं बाळंतपण मला येतं, असा घरच्यांचा समज आहे.

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तिचा ताबा घेतला. आमच्या घरात अंडंही शिजत नाही, पण हिच्यासाठी वाटाणे उकडले जाऊ लागले. सकाळी पेटीपाशी जाऊन "उठनी का?" असं अहिराणीत विचारल्याशिवाय आईंच्या घशाखाली चहा उतरत नसे.

एक दिवस कॉलेजातून आले, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. झिंगी मेली म्हणे. आई तिला हळदकुंकू वाहून, वर झेंडूचं फूल ठेवून मागच्या नाल्यात सोडून आल्या होत्या. आमच्याकडे जे ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही, ते पाण्याला देतात. देवाचे फाटके फोटो, निर्माल्य, सगळं. मी पेटीतला दगड उचलला. खाली झिंगी धडधाकट बसलेली. वाढायचं असलं की ती अंगावरचं कवच अख्खं उतरवते, मिशांसकट. नवं कवच कडक होईपर्यंत लपून राहते आणि जुनं खाऊन त्यातला चुना परत मिळवते. आईंनी तिचं ताटच नाल्यात नेऊन टाकलं होतं.

"मंग पहिलेच सांगानं नही का?" बोलणी मलाच बसली.

संक्रांतीनंतर तिच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला. घरात नर नाही, शेजारीपाजारी नाही. मी रेघा पुन्हा नीट पाहिल्या, थोडं वाचलं आणि कपाळावर हात मारला. ह्या जातीत नर नसतोच. एकटी मादी अंडी घालते, त्यातून निघतात त्या सगळ्या मादीच, हुबेहूब आईच्या नकला. काही दिवस पोटाला लोंबकळतात, मग सुटतात आणि काही महिन्यांत त्याही तेच करतात. वर त्या हवेच्या नळीला धरून पेटीबाहेर येतात आणि कल्ले ओले असेपर्यंत जमिनीवरही फिरतात.

आमचा नाला सातपुड्यातून उतरतो आणि पुढे तापीला मिळतो. डोंगरातल्या बाया त्याच्या वरच्या अंगाला दगड उलटून खेकडे धरतात, खातात, उरले तर तळोद्याच्या बाजारात आणतात. त्या खेकड्यांना जोडीदार लागतो. हिला कुणीच लागत नाही. ही नाल्यात उतरली तर काठ पोखरेल, शेवाळापासून गोगलगायींपर्यंत दिसेल ते खाईल आणि खेकड्यांना हुसकावून तिथेच घर करेल.

अंडी फुटून पिल्लं सुटायला लागली, तेव्हा दिराला फोन केला. "कुणाला तरी देऊन टाका ना," तो म्हणाला. म्हणजे ही पीडा गावभर वाटा. मी फोन ठेवला. देऊन चालणार नव्हतं, सोडून तर नाहीच. गोठवणाऱ्या थंडीने ती सुस्त होते आणि तशीच मरून जाते, त्यातल्या त्यात तेच कमी क्रूर. मुंग्यांच्या वारुळाशी साखर टाकणाऱ्या सासूच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, मी झिंगी आणि तिची सगळी पिल्लं डब्यात घालून ठेवली. मला रडू येत होतं आणि दिराचा संतापही येत होता.

जेवताना आईंनी दह्याची वाटी बाजूला सारली. "फ्रीजमधलं नको माले."

दोन दिवसांनी आम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. अबोला मलाच सोसवेना, म्हणून मी पुन्हा समजावायला लागले. आई मान खाली घालून म्हणाल्या, "एक तं वाचनी."

"कुठे?" मी शेंग खाली टाकली.

"मोरीम्हा फिरी ऱ्हायनी व्हती. बारीकशी. पानीना जीव, पानीम्हा सोडी दिना. एकलीच शे माय, एकलीनं काय व्हई?"

मी उठून थेट नाल्यावर गेले. ऊन उतरलं होतं. साडी खोचून डोहात दगड उलटायला लागले, आणि थोड्या वेळाने मागे आई येऊन उभ्या राहिल्या.

"सापडनी तं मारशी?"

"हो."

त्या चपला काढून पाण्यात आल्या आणि वाकून एक दगड उचलला. खाली आपलाच खेकडा होता. आईंनी दगड होता तसा ठेवला आणि पुढचा उचलला.