स्वतःच्या जोडावर संशय घेणारे गिरधरआबा

श्री. गिरधरआबा सोनवणे यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना चोरी करताना पकडलं म्हणून. गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही, हे मला कळतं. पण आबांच्या पंचाहत्तरीला मी खोटी सुरुवात केली, तर पहिली हरकत तेच घेतील.

मी विमा कंपन्यांसाठी आगीच्या नुकसानीची पाहणी करीत असे. एरंडोलला एका जुन्या घराची आतली खोली जळाली होती. घरातल्या अक्कांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि त्या जळगावला दवाखान्यात होत्या. मी फोटो काढत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ राखेत उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी भिंतीतून वायरीचा एक वितळलेला तुकडा अलगद सोडवला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. आगीच्या जागेवरून माणूस काही उचलतो ते लपवण्यासाठीच, असा माझा नोकरीभरचा अनुभव. मी त्यांचं मनगट धरलं.

"काय लपवताय?"

त्यांनी शांतपणे रुमाल उलगडला. "हाऊ जोड मना शे, साहेब. लिखी ल्या."

तरुणपणी त्या घराचं वायरिंग आबांनीच केलं होतं. त्या काळी तांब्याची तार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती, म्हणून घरोघरी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा गेल्या. ही तार स्क्रूखाली वर्षानुवर्षं दबून सैल पडते, आणि तांब्याला नुसती पिळून जोडली तर जोड तापायला लागतो. घरात दोन दिवे आणि एक पंखा होता तोवर हे खपून गेलं. पुढे कूलर आला, गीझर आला, इंडक्शनची शेगडी आली. भिंतीतली तार मात्र तीच राहिली. मी त्यांना सुटायला वाट करून दिली. म्हटलं, "तेव्हा सगळेच असं करायचे ना?"

"करेत," आबा म्हणाले. "म्हनीसन मी सुटस का?"

इतकं सरळ कोणी बोललं की माझा संशय दुप्पट होतो. हे नक्की कोणाला तरी पाठीशी घालत असणार, असं धरून मी आठवडाभर चौकशी केली. हाती काही लागलं नाही. शेवटी त्यांनी सांगितलं तेच अहवालात लिहिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाहीतर फार हुशार आहे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांच्या वायरीने घर जळलं ते हे, म्हणून आबांची नवी कामं एकेक करून गेली. दुसरा कोणी असता तर गप्प घरी बसला असता. आबांनी उलटंच केलं. आयुष्यात ज्या ज्या घरात त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची तार घातली होती, तिथे तिथे ते जाऊ लागले. "तुमच्या घराचं काम माझ्या हातचं आहे. बोर्ड उघडून बघू द्या," असं दारात उभं राहून सांगायचे. पुन्हा एखादं घर पेटण्याच्या आत सगळी घरं बघून व्हावीत, एवढी एकच घाई त्यांना लागली होती.

लोक काय म्हणणार? धंदा बसला म्हणून म्हातारा घाबरवत फिरतोय. मीही तेच म्हणत होतो. वायरच्या दुकानातून यांना काही मिळत असेल, असा माझा कयास. तो पक्का करायला मी दुकानात गेलो. दुकानदार वैतागलेलेच होते. "मिळणार काय, साहेब? ते गिऱ्हाईक आणत नाहीत, पळवतात. गुंडाळी सोडून तार सोलून बघतात आणि माझ्या तोंडावर सांगतात, ही नको."

मग एक दिवस आबा माझ्याच दारात उभे राहिले. जळगावचं माझं घर मी विकत घेतलेलं; आधीच्या मालकांसाठी तिथलं वायरिंग आबांनी केलं होतं. पहिल्यांदा मी पाहुण्यांचं निमित्त सांगून त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्यांदा निमित्त सांगायचीही तसदी घेतली नाही. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मी धुळ्याला होतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना घरात घेतलं.

संध्याकाळी येऊन बघतो तर नातीच्या पलंगावरचा बोर्ड भिंतीपासून सुटा होऊन लोंबत होता आणि आबा शेजारीच उभे होते. आतला जोड काळाठिक्कर. लाकूड भाजून तपकिरी झालेलं, आणि त्याच लाकडाच्या पाठीवर पेन्सिलने आबांची सही. आम्हा घरच्यांना कधी वाससुद्धा आला नव्हता. मी बायकोला बाजूला घेतलं आणि कुजबुजलो, "काडी लावून यांनीच काळं केलं असेल."

"अहो, निवृत्त झालात ना?" ती मुळीच कुजबुजली नाही. "मग एकदा आगीच्या जागेवरून घरी या. इथे आपली मुक्ता झोपते."

आबांनी सगळं ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र पक्कड पुसत म्हणाले, "शक कराले पाहिजेच, साहेब. मी बी करस. पहिले मना हातवर."

काम चार दिवस चाललं आणि चारही दिवस मी खुर्ची टाकून पहारा केला. लाज वाटत होती, पण जित्याची खोड जाते कुठे! आबा मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत. बंद केलंय, असं कोणी सांगितलं तर त्यांना चालत नसे. मग टेस्टर आधी शेजारच्या घरातल्या चालू बोर्डाला लावून बघायचे, नंतर आमच्या बंद बोर्डाला, आणि पुन्हा शेजाऱ्यांच्या चालू बोर्डाला. टेस्टर मधल्या मध्ये बिघडला असेल तर? जुनी तार ओढून काढून तांब्याची घातली. एका भिंतीतली तार काही केल्या निघेना, तेव्हा तिथे जोड देऊन भागवलं नाही. ती तार दोन्ही टोकांना तोडून कायमची मारून टाकली आणि भिंतीवरून पट्टी ठोकून तिच्यातून नवी तार फिरवली. मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला आणि त्याचं मानधन घेतलं. स्वतःच्या हातावर असा संशय घेणारे गृहस्थ मी पहिल्यांदाच पाहिले. पाचव्या दिवशी मीच त्यांची पिशवी उचलली आणि पुढच्या घरी त्यांच्याबरोबर गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

एरंडोलच्या त्या घराचं काम मात्र ते पुढे ढकलत राहिले. जायची हिंमत होत नव्हती. एकदा मी जवळजवळ ओढतच नेलं, तर उंबऱ्याबाहेर थांबले. आतून अक्कांचा आवाज आला, "गिरधर, बाहेर काबरं उभा शे? मना एक हात जळना, चहाले दुसरा शे!" अक्का हसत होत्या. आबा पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली असेल तर ती त्या पायरीवर संपली. त्या घराचं वायरिंग त्यांनी तळापासून नवं केलं.

पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर एसटीचा प्रवास फुकट होतो. आबांना या वाढदिवसाचा खरा आनंद आहे तो एवढाच, कारण धुळ्याची बरीच घरं अजून बाकी आहेत. जिना चढताना त्यांचे गुडघे आता मध्येच थांबतात. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी अगदी स्वार्थाने करतो. कोणतं घर कोणत्या गल्लीत, कोणत्या भिंतीत तार कुठून वळवली, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

आता माझा शेवटचा संशय. हा सत्कार आपण का करतो आहोत? समारंभ समितीतल्या तीन सन्माननीय सदस्यांनी आबांना दारातून परत पाठवलेलं आहे. दोन वेळा मी स्वतः सोबत होतो. नावं घेत नाही. मीही त्यांच्यातलाच होतो आणि त्या वेळी माझी नात त्या बोर्डाखाली रोज झोपत होती. हा परिच्छेद छापला गेला नाही, तर संपादकांच्या घरचं वायरिंग कोणी केलं होतं याची मी चौकशी करीन.

शाल द्या, श्रीफळ द्या, चार शब्द चांगले बोला. फक्त हार घालताना जरा वाकून त्यांच्या कानात सांगा, "आबा, उद्या आमच्याकडे या."