गिरणीवाल्याचा अतिरेकी

आसेगावच्या शाळेत मी शिक्षक होतो. दूर कुठंतरी स्फोट झाला, टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं, म्हणून गावकऱ्यांनी सव्वीस जानेवारीला दहशतवादावर नाटक बसवायचं ठरवलं. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अतिरेकी झाला गिरणीवाला, कारण गावात सर्वांत धिप्पाड तोच. उंदीर मारतानाही डोळे मिटणारा माणूस.

पहिल्याच तालमीत तो अडला. "मास्तर, मी बॉम्ब ठेवतो अन् हासतो. हासून काहून राह्यलो?"

"अतिरेकी हसतातच."

"पण मले राग कायचा हाये? कारण सांगा, त्याबिगर मले हासू येत नाई."

कारण माझ्याकडे नव्हतं. मग रोज तालमीआधी त्याच्या कारणावर वाद. कोणी म्हणे पैसा, कोणी म्हणे जातच तशी. शेवटी त्यानंच ठरवलं: या माणसाचा कुठंतरी लई अपमान झाला, अन् कोणीतरी तो निखारा रोज फुंकत बसला.

दाढी-टोपीचा ड्रेस हवा म्हणून आम्ही स्टँडवरच्या टेलरचाचांकडे गेलो. त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला. "शिवून देतो, मास्तर. पण उद्या पोट्टे माह्या नातीले म्हणतीन, तुह्या आज्यानं बॉम्ब ठेवला. तिनं काय सांगावं?"

गिरणीवाला ओशाळला. "राहू द्या चाचा. मी पँट-शर्टातच बॉम्ब फोडतो."

शेजारच्या चहावाल्याच्या हातातली किटली तिथंच थांबली. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

नाटकाच्या दिवशी गिरणीवाल्यानं आपल्या अपमानाची गोष्ट अशी सांगितली, की बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. मग त्यानं नाटकातल्या शाळेच्या दारात बॉम्ब ठेवला. तोच पुढच्या रांगेतून त्याची आई उठली आणि चप्पल हातात घेऊन थेट स्टेजवर चढली.

"अपमान झाला तं लेकरायले मारतं का रे?"

"आई, नाटक हाये व!"

"चूप!" दोन चपला बसल्या. मग ती नाटकातल्या इन्स्पेक्टरकडे वळली. "साहेब, याले सोडू नका. पण याच्या डोक्यात ज्यानं हे भरलं, त्यालेई धरून आना."

इन्स्पेक्टर झालेला ग्रामसेवक घाबरून "हो मावशी" म्हणाला आणि तिथंच पडदा पडला. माझी शेवटची तीन पानं गेली.

टेलरचाचा हसून हसून खुर्चीवरून घसरले होते. मंडपाबाहेर त्यांनी मला गाठलं. "मास्तर, पुढच्या साली इन्स्पेक्टर मी. पण या बाईले मागं बसवा."