चारकोपच्या राखणदाराची जिन: लुनावरून मुलुंड आणि परत

घडलं ते असं:

१. शनिवारी बोरिवलीत जिनची बाटली घेतली. बिलासकट.
२. मामाने ती हुंगली आणि टर्पेंटाइन ठरवली.
३. रविवारी मी आणि मामा लुनावरून मुलुंडला ईडलिंबू आणायला गेलो.
४. परतताना घाटकोपरला आमचं घर विकता विकता राहिलं.
५. संध्याकाळी चारकोपच्या राखणदाराला जिन दिली. संत्रं, ईडलिंबू, गवती चहा आणि सब्जा घालून.
६. राखणदाराने कौल दिला. उजवा.
७. सोमवारी सकाळी डाव्या पाकळीला मुंग्या लागल्या होत्या.

आपल्या भटक्या मंडळाच्या अंकात सगळे किल्ल्यांबद्दल लिहितात. मी या महिन्यात एकही किल्ला चढलेली नाही. पण संपादकांनी "प्रवास म्हणजे प्रवास" असं लेखी कळवलं आहे, म्हणून उपनगरातल्या उपनगरात केलेला हा प्रवास पाठवते आहे. कोणाला असाच करायचा असेल तर रस्ते आणि प्रमाणं खाली आहेत.

आधी कारण. मी कांदिवलीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे आणि चारकोपला मामा-मामीकडे राहते. घर नवं आहे. त्याआधी मामाची सगळी हयात लालबागच्या चाळीत गेली. इथे आल्यापासून त्याला झोप नाही. पायरीवरून पडला, घड्याळ हरवलं, नळाला पाणी येईना. मामाचं निदान: आपण या जागेच्या राखणदाराला राखण दिलेली नाही. कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो आणि वर्षातून एकदा त्याला दारू, विडी, नारळ असं द्यावं लागतं. माझं निदान: लालबागला रात्री भांडणं ऐकत झोपायची सवय, इथे बेडूक. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

दरम्यान घाटकोपरचे एक गृहस्थ घर विकत घ्यायला तयार झाले होते. सोमवारपर्यंत उत्तर हवं म्हणाले. मामाने ठरवलं की रविवारी राखण द्यायची, कौल लावायचा, आणि राखणदार नको म्हणाला तर विकून परत चाळीत.

मामीचं मत थोडक्यात होतं. "बावीस बिऱ्हाडांत चार संडास, रांगेत उभी राहून माझे केस पिकले. इथे माझा स्वतःचा संडास आहे, आतून कडी लागते. मी हलणार नाही." मामी लालबागलाच जन्मलेली, मालवणी ती फक्त भांडताना वापरते. हे ती शुद्ध मराठीत म्हणाली, म्हणजे प्रकरण भांडणाच्याही पलीकडे गेलं होतं.

राखणेला लागते गावठी. ती घरात येणार नाही, हेही मामीने सांगितलं. "दारू आणायची तर दुकानातली. पांढरी. आणि बिल पाहिजे."

म्हणून बोरिवली. पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी. मामाकडे सरकारचा परवाना आहे, 'प्रकृतीसाठी' असं लिहिलेला, पण दुकानात मला पाठवून तो समोरच्या पानाच्या गादीकडे तोंड करून उभा राहिला.

"ताई, मेडिकल बाजूला," दुकानदार म्हणाला.

"जिन द्या. अर्धी बाटली."

"हां, जिन. लेडीज लोक जिनच नेतात."

"मग मेडिकल का दाखवलंत?"

त्याने बाटली कागदात गुंडाळली. मी बिल मागितलं तेव्हा त्याचे हात थांबले. "बिल? ताई, धाड आहे का?"

"मामी आहे."

त्याने बिल दिलं. किंमत इथे देत नाही, हा अंक मामीही वाचते. त्याच फेरीत नागपुरी संत्री घेतली. या दिवसांत ती बोरिवलीच्या बाजारात उत्तम मिळतात. साल सैल झालेली घेऊ नका, घट्ट घ्या, रस जास्त निघतो.

घरी मामाने बूच उघडून नाक लावलं. "ही दारू नाय गो शैले. ह्या टर्पेंटाइन आसा. ह्या दिलंय तर राखणदार घर रंगवून देतलो, राखण करूचो नाय."

मी हुंगून पाहिलं. मामाचं चुकलं नव्हतं. जिनला जुनिपर नावाच्या फळाचा वास असतो, आणि त्या वासातला एक मोठा घटक टर्पेंटाइनमध्येही असतो. मी रोज आठ तास त्यात बसते, म्हणून मला तो आधी जाणवला नव्हता.

"मग कसला वास हवा?"

मामाने बराच विचार केला. गावाला राखण ठेवायची जागा ईडलिंबाच्या झाडाखाली होती. फळं पडून फुटायची, पाय त्यांवरच पडायचे. त्यामुळे त्याच्या लेखी राखणेचा वास म्हणजे ईडलिंबाचा वास. बाजारात ईडलिंबू क्वचित येतं, आलं तरी लोणच्याच्या दिवसांत. पण मामाचा गिरणीतला जोडीदार बाबीकाका मुलुंडला राहतो आणि त्याच्या परसात झाड आहे.

तुळस घालावी, असं मी सुचवलं.

"दारूत तुळस?" मामी म्हणाली. "विष्णू बघतोय."

"तो झोपलेलो आसतलो," मामा म्हणाला.

"कार्तिकी झाली. उठलाय."

शेवटी मामीने निवाडा दिला: दारातला सब्जा. वास जवळपास तुळशीचाच, आणि सब्ज्याचं लग्न लागत नाही, म्हणून देवाधर्माची अडचण नाही. माझंही लागलेलं नाही, त्यामुळे मोजमाप माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी निघालो. दोघांनी लुनावरून जायचं असेल तर टाकी भरून घ्या, तेलाचं प्रमाण नीट ठेवा आणि मागच्या माणसाला आधीच सांगा की चढावर उतरावं लागेल. मी सांगितलं नव्हतं. गोरेगावहून आरे कॉलनीत शिरलो तेव्हा म्हशींच्या गोठ्यांवर धुकं होतं आणि मुंबईत स्वेटर घालण्याचं समाधान मिळत होतं. पहिल्या मोठ्या चढावर लुना थांबली.

"उतर मामा."

"भाची म्हणान वाढवलंय आणि आता रस्त्यार टाकतंस?"

"वर थांबते."

तो चालत वर आला, धापा टाकत, आणि आल्या आल्या विडी पेटवली. तिथे दुधाच्या केंद्रावर थंड दुधाची बाटली मिळते, ती घ्या. नंतर पवईपर्यंत काही नाही. कांजूरमार्गला शास्त्री मार्गावर आलो तेव्हा मामा एकदम म्हणाला, "हय आवाज आसा. बरा वाटता." ट्रक, कारखाने, भोंगे. माझं निदान बरोबर होतं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी बाबीकाकांचं बैठं घर आहे. राखणेला काय देणार, हे ऐकून ते खाटेवरून उठून बसले.

"जिन? अरे बाबल्या, देव सायब झालो काय?"

"चारकोपचो आसा. सेक्टरवालो देव," मामा म्हणाला.

"मग तेका ऑफिसात अर्ज दी!"

काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. हॉटेल शोधत बसू नका. मुलुंडला ओळख काढा. जेवताना बाबीकाकांनी मामाला सरळ विचारलं, घर का विकतोस? मामा म्हणाला, झोप लागत नाही. "चाळीत लागतली?" काका म्हणाले. "चाळीत आता कोण रवलो आसा? तुझ्या खोलीच्या दोनय बाजूंका कुलपा." मामाने भात कालवला.

चार ईडलिंबं मिळाली, प्रत्येक लहान नारळाएवढं, साल जाड आणि खडबडीत. शिवाय गवती चहाची जुडी. पिशवी मामाच्या मांडीवर ठेवली आणि परतीला घाटकोपर-अंधेरीचा रस्ता धरला, कारण आरेचा चढ मामा दुसऱ्यांदा चढणार नव्हता. साकीनाक्याची गर्दी धरूनही हा रस्ता बरा.

घाटकोपरला त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबय गो जरा. त्या घेणाऱ्याचा घर हयच आसा. काय ता सांगून टाकतंय."

"कौल संध्याकाळी आहे."

"कौल काय, म्हायत आसा माका."

गृहस्थ सज्जन निघाले, हीच अडचण. खुर्ची दिली, चहा दिला, आईची प्रकृती सांगितली, तिच्यासाठी तळमजला हवा म्हणाले. आतून टोकन आणू का, असं विचारलं. मामा हो म्हणण्याच्या बेतात होता; मी त्याला ओळखते, हो म्हणण्याआधी तो टोपी काढतो. टोपी काढली. मी चहाकडे बघत राहिले. घर माझं नव्हतं, आणि बोलण्याचा हक्क ज्या बाईला होता ती चारकोपला नारळ सोलत होती.

"वास कसला येतोय?" गृहस्थांनी विचारलं. "छान आहे."

शास्त्री मार्गाच्या खड्ड्यांत एक ईडलिंबू दबून फुटलं होतं. खोलीभर वास झाला होता. मामाने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"देवाचा आसा," म्हणाला, टोपी घातली आणि उठला. "उद्या सांगतंय."

अंधेरीच्या सिग्नलला तो म्हणाला, "फुटला ता पयला वापर."

आता कृती. एका पेल्याला: गवती चहा साखरेच्या पाण्यात उकळून, गाळून पाक करा. साठ मिलिलिटर जिन, नव्वद संत्र्याचा रस, पंधरा ईडलिंबाचा, वीस पाक. मोजपात्र मी नवं आणलं होतं, कारखान्यातलं नव्हे. शंका असणाऱ्यांनी शंका ठेवावी. सब्ज्याची पानं चुरगळू नका, कडू होतात. तळहातावर ठेवून एक टाळी मारा आणि टाका. ईडलिंबाची साल पेल्यावर पिळून तेल उडवा, मग वरून गोटी सोडा. बर्फ मासळीबाजारातून आणू नका. का, ते मी आता सांगू शकते.

टर्पेंटाइन गेलं होतं. म्हणजे होतं तिथेच, पण आता ते ईडलिंबाच्या सालीचा भाग वाटत होतं.

राखणदाराचा दगड आमच्या गल्लीच्या टोकाला करंजाखाली आहे. सूर्य मावळताना तिघं गेलो. मी पेला धरला, मामाने नारळ, मामीने तांब्या, पाकळ्या आणि उरलेल्या पाकाची वाटी. वाटी कशाला, असं मी विचारलं. "घरात मुंग्या लागतील," मामी म्हणाली.

कौल असा: दगडाला जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर राहायचं, डावी पडली तर विकायचं. गावाला हे काम गुरव करतो. इथे मामीने केलं, कारण मामा हात जोडून गाऱ्हाणं घालत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

"बा चारकोपच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघी.

"आमी नवीन मानसा. तुका इचारल्याशिवाय इलव, ती चूक पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"गावठी गावली नाय. ही इंग्लिश आसा, पण हेचा बिल आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मामी जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

"हय रवू काय नको, ता सांग. माका झोप दी म्हाराजा."

मी पेला दगडापाशी ओतला. मग वाट पाहिली. खाडीकडून वारा येत होता. उजवी पाकळी कडेने वळली, लोंबली आणि पडली. डावी हललीसुद्धा नाही.

मामाने दगडाला डोकं टेकलं. घरी आल्यावर उरलेलं पेय तीर्थ म्हणून वाटलं. तीर्थ तळहातावर घेतात. मामीने पेला घेतला. मामा एक घोट पिऊन म्हणाला, "सरबत आसा." मग दुसरा पेला मागितला.

सोमवारी सकाळी कारखान्याला निघाले तेव्हा मामा करंजाखाली उभा होता, तोंडात मशेरी, हातात तांब्या. डावी पाकळी अजून दगडाला घट्ट होती. तिच्याभोवती मुंग्यांची रांग. ज्याने आयुष्यात एकदा पाक केला आहे त्याला हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. उजवी मामीने पाण्याने लावली होती, डावी पाकाने.

मी थांबले. घाटकोपरला फोन अजून व्हायचा होता.

मामाने पाकळीकडे पाहिलं. घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"देवाक गोड लागला असतला," तो म्हणाला. तांब्याने दगड धुतला, नखाने पाकळी खरवडून काढली, इकडेतिकडे कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करायला गेला. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

झोपेचं म्हणाल तर अजून पूर्ण लागत नाही. बेडूक गेले, आता कुत्री आहेत, ती त्याला बरी वाटतात. मला या प्रवासातून एक उत्तम कृती मिळाली, लुनाचा क्लच गेला, आणि कौलावर माझा विश्वास बसला नाही तरी तो लावणाऱ्या हातांवर बसला.

मामाला आता दारात ईडलिंबाचं झाड हवं आहे. फळांतल्या बिया त्याने डब्यात लावल्या, त्या उगवल्या नाहीत. बीपासून फळ यायला खूप वर्षं लागतात, हे मी सांगून पाहिलं.

"मग?" तो म्हणाला. "मी खंय जातंय?"

मंडळाच्या सभासदांपैकी कोणाकडे ईडलिंबाचं रोप किंवा कलम असेल, तर येत्या शुक्रवारपर्यंत कृपया कळवावे.

शैला